खडपातला केशरी स्पंज कोणता? फोटोवरून जात कळते का?

प्रश्न : अमावास्येच्या ओहोटीला मालवणच्या रॉक गार्डनखाली गेलो होतो, तिथे खडपाच्या आडोशाला केशरी, मऊसर काहीतरी चिकटलेलं दिसलं, वर बारीक भोकं. मोबाईलमधलं ॲप एका फोटोला एक नाव देतं, दुसऱ्याला भलतंच. स्पंज असेल तर जात कोणती?
— एक वाचक, मालवण

उत्तर : जात राहू दे, आधी तो स्पंज आहे का ते बघा. ॲसिडियन म्हणून प्राणी असतात, तेही दगडाला असेच चिकटून वाढतात, पण बऱ्याचदा गुळगुळीत, जेलीसारखे, आणि काहींच्या अंगावर बारीक चांदण्यांची नक्षी असते. स्पंजला अशी नक्षी नसते, मोठी भोकं पाणी बाहेर टाकायची आणि बाकी सगळीकडे अगदी सूक्ष्म छिद्रं पाणी आत घ्यायची. बोट लावून बघू नका, काही स्पंजांनी चांगलीच खाज सुटते.

रंगावर तर अजिबात जाऊ नका, एकच स्पंज उन्हात वेगळा आणि कपारीत वेगळा दिसू शकतो, आणि ॲप बिचारं मुख्यतः रंग-आकारच बघणार ना. केशरी म्हटलं की हायमेनियासिडॉन, हॅलिकॉन्ड्रिया, क्लायोना, सगळेच संशयित! त्यातले पहिले दोन तर जाणकारांनाही नुसत्या डोळ्यांनी चकवतात. क्लायोना शिंपल्यात, चुनखडीत भोकं पाडून राहतो, म्हणजे कालवाच्या शिंपीवर बारीक भोकं दिसली तर ते त्याचं काम असू शकतं.

खरी ओळख आतल्या काट्यांवरून, त्यांना स्पिक्यूल म्हणतात. नखाएवढा तुकडा घरगुती ब्लीचमध्ये ठेवला की मांस विरघळतं आणि सिलिकाचे काटे तळाला बसतात, मग पाण्याने तीन-चारदा धुवून मायक्रोस्कोपखाली बघायचं. दोन्ही टोकं अणकुचीदार असतील तर हॅलिकॉन्ड्रियाकडे बघा (हॅलिक्लोना नावाच्या आणखी एका स्पंजाचेही तसेच, पण मांडणी जाळीसारखी), एक टोक बोथट तर हायमेनियासिडॉन, एका टोकाला टाचणीसारखी गोळी असेल तर क्लायोना. एवढ्यावर नेमक्या जातीचं नाव ठोकू नका, जीनस (जवळच्या जातींचा गट) कळला तरी माझ्या मते खूप झालं. मुंबईत कंपनी सरकारचे सर्जन असलेले कार्टर, ज्यांनी 1849 मध्ये मुंबई बेटावरच्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांवर लिहिलं, तेही मायक्रोस्कोप लावूनच बघायचे.

पण तुकडा तुम्ही स्वतः काढू नका! मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, परवानगीशिवाय काही उचलणं अडचणीचं ठरेल. जवळच्या कॉलेजच्या झूलॉजीवाल्यांना गाठा, परवानगीचं तेच बघतील. तुम्ही फक्त फोटो नीट काढा, शेजारी पट्टी ठेवून, एक लांबून आणि एक भोकांचा जवळून, आणि दगड उन्हात होता की सावलीत तेही लिहून ठेवा. काटे चुन्याचे आहेत का हे बघायला कॉलेजात व्हिनेगर टाकून बुडबुडे येतात का बघतात, तो प्रयोग वेगळ्या तुकड्यावर करायचा, ब्लीचच्या भांड्यात व्हिनेगर पडलं तर क्लोरीन गॅस होतो.