आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. स्टुडिओसाठी शाश्वत डिझाइन घेऊ की वारसा जतन? नागपुरात काम करण्यासारखं काय आहे?

नागपुरात तरी हे दोन वेगळे विषय मानू नका. महाल या जुन्या वस्तीतला एखादा राहता वाडा घ्या, दोन्ही त्यात येतात. मी आर्किटेक्ट आहे, स्टुडिओ म्हणजे डिझाइनचा विषय शिकवायला जातो, विद्यार्थ्यांचं काम तपासणाऱ्या ज्यूरीलाही बसतो. त्या अनुभवावरून लिहितो.

बहुतेक विद्यार्थी हेन्री मेड यांनी आखलेल्या हायकोर्टाकडे, विधानभवनाकडे नाहीतर अजब बंगल्याकडे, म्हणजे जुन्या संग्रहालयाकडे वळतात. इमारती देखण्या आहेतच, पण त्यांना सांभाळणारं सरकार आहे. महालातल्या वाड्याचं तसं नाही. चार भावांच्या नावावर सातबारासारखी वाटणी, एका खणात जुने भाडेकरू, माडीवरची कवेलू (कौलं) फुटलेली, आणि हे सगळं कधी पाडायला मिळतं याची वाट बघणारा बिल्डर. आर्किटेक्टची गरज तिथे आहे.

वाडा मोजायला मे महिन्यात जा. टेपसोबत साधे तीन-चार थर्मामीटर न्या. कवेलूंखालचा माळा, मधली खोली, ओसरी आणि चौक अशा जागी ते टांगा आणि दर दोन तासांनी आकडे लिहा, रात्रीसुद्धा. नागपूर साधारण 21 अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या अखेरीस दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो. भिंतींपेक्षा छप्पर जास्त तापतं. वाड्यात तो ताप आधी माळा झेलतो, खालची खोली नंतर. नव्या फ्लॅटच्या वरच्या मजल्यावर मध्ये काहीच नसतं, स्लॅब थेट डोक्यावर तापतो.

पण 'जुनं ते थंड' असं शीटवर लिहून मोकळे होऊ नका. दीड-दोन फूट जाड भिंत दिवसभर उष्णता पोटात घेते आणि रात्री ती आत सोडते. म्हणूनच माणसं उन्हाळ्यात अंगणात किंवा गच्चीवर झोपायची. रात्री खोल्या उघड्या ठेवून भिंती निववल्या तरच दुसऱ्या दिवशी गारवा मिळतो. आज डास आणि चोरीच्या भीतीनं खिडक्या बंद असतात. हा प्रश्न सोडवलात तर ते खरं शाश्वत डिझाइन.

आणि कूलर! नागपूरच्या विद्यार्थ्यांच्या एलिव्हेशनमध्ये, म्हणजे इमारतीच्या दर्शनी चित्रात, मला तो जवळपास कधीच दिसत नाही, प्रत्यक्षात प्रत्येक खिडकीला लटकलेला असतो. मेमधली हवा कोरडी असल्यामुळे एसीच्या मानानं फारच कमी विजेत कूलर काम भागवतो. मात्र आत आलेल्या ओल्या हवेला बाहेर जायला वाट लागते, नाहीतर खोली नुसती दमट होते. वाड्यात ती वाट चौकाकडे उघडणाऱ्या दारातून आपोआप मिळते. कूलरची जागा, त्याचं पाणी, हवा जायची वाट हे सगळं सेक्शनमध्ये, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदात, काढा. जुलैत तो निरुपयोगी होतो, तेव्हा पंखा आणि वारा यांवरच भागवावं लागतं, हेही दाखवा.

जतनाच्या बाजूनं एकच गोष्ट नीट शिका: चुना. जुन्या वाड्यांत खालच्या तीन-चार फुटांवर सिमेंटचा गिलावा मारलेला आढळेल, आणि बरोबर त्याच्या वरच्या रेषेत विटांचा भुगा पडत असेल. हाताला पांढरी क्षारांची पूड लागते. पायातून चढणारी ओल चुन्याच्या गिलाव्यातून सुकून जायची. सिमेंटनं ती कोंडली, म्हणून ती आणखी वर चढली आणि तिथे विटा खाऊ लागली. दुरुस्ती म्हणजे सिमेंट अलगद उतरवणं, भिंत सुकू देणं आणि भिजवून मुरवलेल्या चुन्याचा गिलावा करणं. त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालायची पद्धत आहे. जुना गवंडी मिळाला तर त्याच्या हाताखाली एक भिंत स्वतः करा. जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे 7 ते 8 टक्के आहे. उभी भिंत वाचवली की नवं सिमेंटही वाचतं, हा हिशेब शीटवर मांडा. ज्यूरीत तो टिकतो.

प्रोग्रॅम, म्हणजे वाड्याचा वापर, ठरवताना कॅफे किंवा बुटीक हॉटेल कृपया नको. राहणाऱ्यांना तिथेच नीट राहता यावं असं काहीतरी करा: जिना चढू न शकणाऱ्या आजींसाठी खालचं न्हाणीघर, भाडेकरूसाठी वेगळं दार, छपराची टप्प्याटप्प्यानं दुरुस्ती आणि तिचा खर्च.

मोजायला जाण्याआधी घरातल्या मोठ्यांना भेटून रीतसर विचारा. वाटणीचा वाद चालू असेल तर दुसरा वाडा शोधा, तुमचं सेमिस्टर त्यात जाईल. काम झाल्यावर ड्रॉइंगचा एक सेट त्यांना द्या. बऱ्याच घरांत वाड्याचा नकाशाच नसतो, आणि पुढे दुरुस्तीला मिस्त्री आला की तो लागतो.