लिव्हरला फायब्रोसिस झालाय का, हे नुसत्या रक्ततपासणीवरून कळतं का?

तुम्ही लिहिलंय की वय ५२, मधुमेह आहे, सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर ग्रेड २’ आलंय, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४ (दोन्ही लिव्हरची एन्झाइमं), प्लेटलेट २.१० लाख. आणि विचारलंय की बायॉप्सी न करता, रक्तावरूनच लिव्हरला व्रण (जुन्या जखमेसारखे वण, म्हणजेच फायब्रोसिस) पडलेत का ते समजेल का. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, असे रिपोर्ट रोज नजरेखालून जातात. माझं उत्तर असं: फार पुढे गेलेला फायब्रोसिस नाही, हे रक्त बऱ्यापैकी भरवशाने सांगतं. तो आहेच, हे सांगताना मात्र ते बऱ्याचदा फसतं.

आधी तो ‘ग्रेड २’ बाजूला ठेवा. तो चरबीचा ग्रेड आहे. फायब्रोसिसच्या पायऱ्या वेगळ्या, एफ-० ते एफ-४, आणि एफ-४ म्हणजे सिरॉसिस. ग्रेड ३ असूनही व्रण अजिबात नाहीत असे लोक असतात. उलट सिरॉसिस झाल्यावर कित्येकदा चरबी कमी होऊन जाते, आणि सोनोग्राफीत ग्रेड उतरलेला पाहून घरचे खूश होतात. तीच गत एसजीपीटीची. लिव्हरच्या पेशींना सध्या इजा होतेय का, एवढंच ते सांगतं. आजवर किती व्रण साठलेत याचा हिशेब त्यात नसतो, त्यामुळे एसजीपीटी नॉर्मल असलेला सिरॉसिसही आम्ही पाहतो.

आता तुमच्याच आकड्यांकडे या. त्यातून एक गणित मांडता येतं, फिब-४. २००६ साली एचआयव्ही आणि हेपटायटिस सी दोन्ही असलेल्या रुग्णांसाठी ते तयार झालं, आज फॅटी लिव्हरमध्ये पहिली चाळणी म्हणून जगभर वापरतात. वयाला एसजीओटीने गुणायचं. खाली प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. तुमचं: ५२ × ४८ म्हणजे २४९६. खाली २१० × ८ म्हणजे १६८०. भागाकार १.४९. प्लेटलेटच्या जागी २१० घालायचे, २.१ नाही. रिपोर्टवर लाखात छापलेला आकडा तसाच घातला की उत्तर शंभरपट येतं आणि माणूस रात्रभर जागतो.

फॅटी लिव्हरमध्ये १.३० च्या खाली असेल तर एफ-३, एफ-४ ची शक्यता कमी. २.६७ च्या वर असेल तर लिव्हरच्या तज्ज्ञाकडे जायचं. तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात, म्हणजे अजून काहीच ठरलेलं नाही. (हेपटायटिस सी मध्ये याच सूत्राच्या सीमा १.४५ आणि ३.२५ आहेत, तेव्हा इंटरनेटवरचा कुठलाही तक्ता उचलू नका.)

यात प्लेटलेट कुठून आल्या? व्रणांमुळे लिव्हरमधून रक्त जाताना अडथळा होतो, पोर्टल शिरेतला दाब वाढतो, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिथे अडकून राहतात. शिवाय प्लेटलेट बनवायला सांगणारं थ्रॉम्बोपोएटिन मुख्यतः लिव्हरमध्येच तयार होतं, तेही घटतं. आजार पुढे सरकला की एसजीओटी एसजीपीटीच्या वर जायला लागतं. म्हणजे फिब-४ व्रण मोजतच नाही, व्रणांचे परिणाम मोजतं.

त्यामुळे ते फसायच्या जागाही ठरलेल्या आहेत. तुमचेच आकडे ७० वर्षांच्या माणसाला लावा, उत्तर बरोबर २.० येतं; ३४ वर्षांच्याला लावा, ०.९७. रक्त तेच! म्हणून पासष्टीनंतर खालची सीमा २.० धरतात आणि पस्तिशीच्या आत या आकड्यावर भिस्त ठेवत नाहीत. डेंग्यूसारख्या तापात प्लेटलेट पडतात, एसजीओटी चढतं, आणि फिब-४ भलतंच वर जातं. जिममध्ये अंगमेहनत झाली की स्नायूंमधूनही एसजीओटी येतं. काहींच्या प्लेटलेट नळीतल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू नये म्हणून घातलेलं रसायन) गुठळ्या करतात आणि मशीन कमी मोजतं. अशा वेळी स्लाइड डोळ्यांनी पाहावी लागते.

व्रणाच्या जवळ जाणाऱ्या तपासण्याही आहेत. लिव्हरमधल्या स्टेलेट पेशी एरवी अ जीवनसत्त्व साठवून गप्प असतात. सततच्या इजेने त्या चेतवल्या गेल्या की कोलॅजेन विणायला लागतात, आणि त्या विणकामाचे तुकडे रक्तात येतात. ईएलएफ चाचणी त्यातले तीन पदार्थ मोजते: हायलुरॉनिक आम्ल, तिसऱ्या प्रकारच्या प्रोकोलॅजेनचा एक तुकडा, आणि व्रण विरघळवणाऱ्या एन्झाइमांना अडवणारं टिम्प-१. ९.८ च्या वर गेल्यास पुढच्या टप्प्याचा संशय घेतात. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये फॅटी लिव्हरसाठी १०.५१ ही सीमा दिली. पण हायलुरॉनिक आम्ल जेवणानंतर वाढतं, वयानेही वाढतं. फायब्रोटेस्ट या दुसऱ्या रक्तचाचणीत बिलिरुबिन आणि हॅप्टोग्लोबिन असतात, त्यामुळे गिल्बर्ट सिंड्रोम (जन्मतःच बिलिरुबिन थोडं जास्त) असलेल्याचा किंवा रक्तपेशी फुटत असलेल्याचा आकडा विनाकारण चढतो. या महागड्या नावांना मी फिब-४ च्या आधी हात लावत नाही.

आणि बायॉप्सी तरी सोळा आणे खरी कुठे? सुईत येणारा तुकडा लिव्हरचा साधारण पन्नास हजारावा भाग, आणि व्रण सगळीकडे सारखे पडत नाहीत.

तुमच्या जागी मी असतो तर ताप, सर्दी काही नसताना सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) एकाच दिवशी पुन्हा करून फिब-४ काढलं असतं. पुन्हा १.३० च्या वर आलं तर फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय हे बाहेरून मोजणारी तपासणी), किंवा तो मिळत नसेल तर ईएलएफ. फायब्रोस्कॅनमध्ये ८ किलोपास्कलच्या खाली आलं तर मधुमेह असल्यामुळे वर्षा-दोन वर्षांनी फिब-४ परत करायचं; वर आलं तर तज्ज्ञाची वेळ घ्यायची. तपासणीआधी निदान तीन तास काही खाऊ नका, कारण पोट भरलं की लिव्हरमधला रक्तप्रवाह वाढतो आणि आकडा खोटा चढतो.