गोव्यात ट्रॅफिक पोलिसांनी गाडी अडवली तर कसं वागावं?

तुम्ही विचारलंय की कोल्हापूरहून दोघं बाइकने गोव्याला येताय, एमएच पाटी दिसली की पोलीस अडवतात असं ऐकलंय, तर किरकोळ चुकीसाठी अडवलंच तर काय करायचं. मी डिचोलीचा. गेली पंधरा वर्षं रोज स्कूटरने पणजीला नोकरीला जातो. आम्हा जीए 04 वाल्यांनाही अडवतात हो, मनाला लावून घेऊ नका.

आधी एक शब्द शिकून घ्या: तालांव. पोर्तुगीजांच्या काळापासून राहिलेला शब्द, मूळ अर्थ पावतीपुस्तकातून फाडून देतात ती चिठ्ठी. इथे चलनाला सगळे तालांवच म्हणतात, मराठी पेपरांतही तसंच छापून येतं. पावती आता मशीनमधून निघते, पण शब्द तोच आहे.

माझा पहिला तालांव मांडवी पूल उतरल्यावरचा. हेल्मेट होतं, पण भाजीच्या पिशवीसारखं कोपरात अडकवलेलं. "गाडी बाजूक घे," हवालदार म्हणाला. मी गाडीवरून न उतरताच सांगितलं, एका मोठ्या माणसाच्या ऑफिसात माझा भाऊ असतो, फोन लावतो. तो शांतपणे म्हणाला, "लाव. स्पीकराचेर घाल." रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिली. तेवढ्यात त्याने चार गाड्या अडवल्या आणि चारही मोकळ्या केल्या. मी तसाच, कानाला फोन आणि कोपरात हेल्मेट. शेवटी 100 रुपये भरले, ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा लागली. भावाने संध्याकाळी फोन केला, "मिटिंगमध्ये होतो रे." कसली मिटिंग, तो जेवत होता.

तेव्हा 100 वर भागायचं. 1 एप्रिल 2022 पासून गोव्यातही नवे दंड लागू झाले, विनाहेल्मेट आता 1000, शिवाय तीन महिने लायसन बाद करण्याची तरतूद कायद्यात आहेच. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, आणि तुम्ही दोघं आहात, तर दोन आणा.

हात दाखवला की इंडिकेटर द्या, डावीकडे घ्या, इंजिन बंद करा, खाली उतरा. पुढे पोलीस दिसला म्हणून भर रस्त्यात गाडी वळवणारे मी रोज बघतो. पकडले गेले तर त्यांचा दंड बाजूलाच राहतो, आधी वळवलीस का त्याचंच उत्तर देत बसावं लागतं. गॉगल काढा, हे कायद्यात नाही, पण डोळे दिसले की समोरच्याचा आवाज अर्धा खाली येतो. "साहेब" किंवा "सर" पुरे, महिला पोलीस असतील तर "मॅडम". मराठीत बोला, त्यांना सगळं कळतं. तुम्ही हिंदी सुरू केलीत की उगाच दिल्ली-मुंबईच्या पर्यटकांत जमा व्हाल.

लायसन, आरसी, विमा आणि पीयूसी लागतात. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत चालते, 2018 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांतच तसा बदल झाला. गॅलरीतला फोटो मात्र चालत नाही. बांद्याला चहा घ्याल तेव्हाच ॲप उघडून ठेवा. पोलिसासमोर पासवर्ड आठवत बसण्यासारखी केविलवाणी अवस्था दुसरी नाही.

कागद मागणारा पोलीस गणवेशात असायला हवा, मोटार वाहन कायद्याचं कलम 130 तसं म्हणतं. लायसन ताब्यात घेतलं तर त्याची पोच मागून घ्या. ते परत मिळेपर्यंत त्या पोचीवर गाडी चालवता येते.

चूक झाली असेल तर एकदाच "हो, चुकलं" म्हणा आणि थांबा. कारणं देऊ नका. बोर्ड दिसला नाही, बायको वाट बघतेय, पहिल्यांदाच आलोय, हे सगळं त्यांनी सकाळपासून तीसदा ऐकलेलं असतं. चूक झालेली नाही असं खात्रीने वाटत असेल तर तेही शांतपणे सांगा; तिथेच दंड भरून मिटवायची सक्ती नाही, प्रकरण कोर्टात नेता येतं. मात्र त्यासाठी तारखेला गोव्यात यावं लागेल याचा हिशेब आधी मनाशी करा.

आणि "अर्ध्यात मिटवू या" हे वाक्य कोणाच्याही तोंडून आलं, तरी "तालांव द्या सर, भरतो" एवढंच म्हणायचं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, सात वर्षांपर्यंत कैद आहे. ज्याला ती देणं भाग पाडलं गेलं त्याने सात दिवसांत तक्रार केली तर त्याला सूट आहे. हुज्जत घालताना पोलिसाच्या अंगाला हात लागला तर तो प्रसंग किरकोळ राहत नाही. सरकारी नोकरावर कामात असताना हल्ला, म्हणजे पूर्वीचं दंड संहितेचं कलम 353, आताचं न्याय संहितेचं 132, पुढचं सगळं वकिलाच्या भाषेत.

तुमच्या बाबतीत खास सांगायचं ते इथल्या, मांडवीवरच्या अटल सेतूबद्दल. पर्वरीकडून पणजीत शिरताना समोर तोच मोठा, देखणा पूल दिसतो आणि त्यावर दुचाकीला बंदी आहे. माझा मेव्हणा मोबाइलचा नकाशा चारचाकीवर ठेवून बुलेट घेऊन चढला. पूल संपल्यावर अडवल्यावर त्याने पोलिसालाच नकाशा दाखवला. पोलीस म्हणाला, "मग तालांव नकाशाच्या नावे करू?" तुम्ही जुन्या मांडवी पुलाची लेन धरा.

इथे स्कूटर भाड्याने घेणार असाल तर काळी पाटी, पिवळी अक्षरं बघूनच घ्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, आणि अडवल्यावर मालक फोन उचलत नाही.

दारूचं वेगळं. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे आणि ते प्रकरण रस्त्यावर मिटत नाही, कोर्टातच जातं. फुंकायला सांगितलं तर नवी नळी मागा, पण फुंका. नकार दिला तर अटक होऊ शकते. त्या रात्री पायलटला पैसे द्या. पायलट म्हणजे आमची मोटारसायकल टॅक्सी, पिवळ्या-काळ्या रंगाची.

परत गेल्यावर परिवहनच्या ई-चलन साइटवर गाडीचा नंबर एकदा टाकून बघा. पणजीजवळच्या मेरशीच्या सिग्नलवर 2023 पासून कॅमेरे तालांव घालतात, तिथे "बाजूक घे" म्हणायला कोणी नसतं.