उतारावरची लाकडी मोटार : वाचकांचे प्रश्न

लाकडी ठोकळ्यातून मुलांसह छोटी मोटार घडवायची आणि इंजिनाशिवाय, केवळ गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर ती उतारावरून पळवायची, या खेळाविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे दिली आहेत. मापे ‘पाइनवुड डर्बी’ या नावाने अमेरिकेत होणाऱ्या अशा शर्यतींच्या रूढ नियमांप्रमाणे धरली आहेत : ठोकळा ७ इंच लांब, चाकांसह रुंदी पावणेतीन इंचांपर्यंत आणि एकूण वजन जास्तीत जास्त ५ औंस, म्हणजे सुमारे १४१ ग्रॅम.

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलीने काढलेल्या चित्रात मोटारीला उभे छत आणि मागे मोठे पंख आहेत. चपटी मोटार जास्त वेगाने धावेल असे मी सुचवताच ती रुसून बसली. आकार कोणी ठरवावा?

उत्तर : मुलीनेच ठरवावा. हवेचा अडथळा अगदीच नगण्य असतो असे नाही. परंतु चाके नीट फिरत नसतील तर चपट्या आकाराने मिळालेला फायदा पहिल्या काही फुटांतच संपतो, आणि चाके उत्तम फिरत असतील तर पंखांची मोटारही शर्यतीत टिकून राहते. आपला वेळ आणि आग्रह चाकांसाठी राखून ठेवावा. आकारात आपण दोनच गोष्टी पाहाव्यात. शर्यत सुटेपर्यंत मोटारीला अडवून धरणाऱ्या खुंटीला तिचे नाक सरळ टेकले पाहिजे. ते फार उंच किंवा तिरके असेल तर खुंटी खाली जाताना मोटार अडखळते. तसेच पातळ पंख लाकडाच्या रेषांना आडवे कापले तर पहिल्याच धक्क्याला तुटतात, म्हणून ते रेषांच्या दिशेने कापावेत किंवा वेगळ्या पट्टीचे करून चिकटवावेत. करवत आणि ड्रिल मोठ्यांच्या हाती असावे. चित्र ठोकळ्यावर उतरवणे, पॉलिश पेपरने घासणे आणि रंगवणे ही कामे मात्र पूर्णपणे तिची.

प्रश्न : जड आणि हलकी वस्तू सारख्याच वेगाने खाली येते असे आपण शाळेत शिकतो. मग सगळेजण मोटारीचे वजन मर्यादेपर्यंत का वाढवतात? मुलाने विचारले आणि मी निरुत्तर झालो.

उत्तर : मुलाचा प्रश्न बिनतोड आहे. हवा नसती आणि चाकांना फिरवण्यासाठी काहीच ऊर्जा लागली नसती, तर वजनाने खरोखरच फरक पडला नसता. प्रत्यक्षात हवेचा अडथळा मोटारीच्या आकारावर आणि वेगावर अवलंबून असतो, वजनावर नव्हे. त्यामुळे तेवढ्याच अडथळ्याने जड मोटारीचा वेग कमी प्रमाणात घटतो. चाके फिरवण्यात खर्च होणारा ऊर्जेचा वाटाही एकूण वजन वाढले की तुलनेने लहान होतो. फरक थोडा असतो, पण जेमतेम तीनेक सेकंदांच्या शर्यतीचा निकाल अनेकदा सेकंदाच्या शतांश भागात लागतो.

वजन कोठे ठेवावे, हे त्याहून महत्त्वाचे आहे. सुरुवातीला मोटार उतारावर नाक खाली करून उभी असते, म्हणून मागे ठेवलेले वजन पुढच्यापेक्षा उंचावर असते आणि त्याला खाली यायला जास्त उंची मिळते. मोटार पट्टीच्या कडेवर तोलून पाहावी. तोल मागच्या आसाच्या सुमारे एक इंच पुढे साधला तर उत्तम. त्याहून मागे गेल्यास पुढची चाके हलकी होऊन मोटार डुलू लागते. शिसे स्वस्त आणि जड असले तरी विषारी आहे, त्यामुळे मुलांच्या हाताळणीसाठी टंगस्टन, जस्त किंवा साधे लोखंडी नट घ्यावेत. रंग आणि चाकांचेही वजन असते; शेवटचे काही ग्रॅम त्यांच्यासाठी मोकळे ठेवावेत.

प्रश्न : आमची मोटार हाताने ढकलली की छान जाते, पण शर्यतीत अर्ध्या वाटेवर मंदावते. काय करावे?

उत्तर : दोष बहुतेक आसांत असावा. मोटारीच्या तयार संचात आस म्हणून येणारे खिळे साध्या डोळ्यांना गुळगुळीत दिसतात. परंतु डोक्याच्या खाली, जेथे चाक घासते नेमके तेथेच, तयार होताना उरलेल्या बारीक धारा असतात. खिळा ड्रिलमध्ये पकडावा, ड्रिल संथ फिरवावे आणि बारीक कानशीने आधी त्या धारा काढाव्यात. मग वॉटर पेपरची अरुंद पट्टी ओली करून ४००, ६००, १००० अशा चढत्या क्रमांकांनी घासावे. ड्रिल आपण धरावे, पट्टी मुलाने धरावी. प्रत्येक क्रमांकानंतर खिळा पुसून उजेडात फिरवून पाहावा. गोल ओरखडे दिसत असतील तर पुढच्या क्रमांकाची घाई करू नये. हे काम कंटाळवाणे खरे, पण सगळ्या मोटारीत मेहनतीचे चीज होते ते येथेच.

त्यानंतर चाकाच्या भोकात चिमूटभर ग्राफाइटची पूड टाकून चाक बोटाने बराच वेळ फिरवावे. चाक आणि लाकूड यांच्यात एटीएम कार्डाच्या जाडीएवढी फट ठेवावी. मग किंचित कललेल्या सपाट फळीवरून मोटार सोडावी : ती एका बाजूला जात असेल तर शर्यतीत तिची चाके मार्गाच्या मध्यभागी बसवलेल्या पट्टीवर घासणार हे निश्चित. आस पक्कडीने किंचित फिरवून पुन्हा पाहावे आणि मोटार सरळ गेल्यावरच आसाला गोंदाचा थेंब लावावा, तोही चाकापासून दूर.

प्रश्न : ग्राफाइटऐवजी शिलाई मशीनचे तेल चालेल का?

उत्तर : नको. त्यावर धूळ बसते, आणि बऱ्याच स्पर्धांच्या नियमांत तेल बसत नाही.

प्रश्न : स्पर्धेत काही मोटारी उघडच वडिलांनी केलेल्या असतात. मुलाला हे कसे समजवावे?

उत्तर : मुलाला ते आधीच समजलेले असते. हा खेळ डॉन मर्फी यांनी कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे १९५३ मध्ये सुरू केला, तो त्यांचा मुलगा ‘सोपबॉक्स’ गाड्यांच्या, म्हणजे मुले स्वतः आत बसून उतारावरून चालवतात त्या मोठ्या गाड्यांच्या, शर्यतीसाठी वयाने लहान होता म्हणून, आणि आई-वडिलांनी मदत करणे त्यात गृहीतच होते. म्हणून आयोजकांना आमची सूचना अशी आहे की मोठ्यांसाठी एक वेगळी फेरी ठेवावी. हौशी वडिलांची हौस तेथे फिटते आणि मुलांच्या फेरीवरचा दाब बराच उतरतो.

प्रश्न : घरी दोन भावंडांसाठी मार्ग करायचा आहे. एक बाजू नेहमी जिंकते असे भांडण होऊ नये, यासाठी काय करावे?

उत्तर : दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या होणे जवळजवळ अशक्य असते, त्यामुळे तो प्रयत्न न करता बाजू बदलाव्यात. प्रत्येक मोटारीने दोन्ही बाजूंनी धावावे आणि वेळांची बेरीज करावी. मोबाइलवर संथ गतीने केलेले चित्रण वेळ मोजायला पुरते. प्रत्येक बाजूच्या मध्यभागी १ पूर्णांक ५/८ इंच रुंद आणि पाव इंच उंच पट्टी बसवावी, म्हणजे मोटार तिच्यावरून पाय फाकवून जाते. तिच्यासाठी मोटारीच्या पोटाखाली ३/८ इंच मोकळी जागा ठेवावी. उतार सपाट भागाला मिळतो तेथे वळण शक्य तितके लांब ठेवावे, नाहीतर मोटार उडते. शेवटच्या रेषेपलीकडे जुन्या चादरीची घडी टाकावी. रंगाचे टवके उडण्यावरूनही भावंडे भांडतात.