वाटी बदलायची की नाही?

प्रश्न : काका, आम्ही पाच मित्र दर रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर बसतो, भेळ खायची आणि एकमेकांना कोडी घालायची हा आमचा कॉलेजपासूनचा नाद. मागच्या महिन्यात मी कोडं घातलं की तीन वाट्या पालथ्या ठेवल्यात, एकीखाली पेढा आहे, तुम्ही एक निवडली, मग मी उरलेल्या दोनातली एक उचलली तर ती रिकामी निघाली, आता तुम्ही तुमची वाटी बदलणार का? उत्तर आहे बदला, मी वाचलेलं. पण एक मित्र म्हणतो दोनच वाट्या राहिल्या म्हणजे फिफ्टी-फिफ्टी, बदलून काय फरक पडतोय. आम्ही चौघांनी त्याला लई सुनावलं, तुझं गणितच कच्चं आहे म्हणालो, तर तो दोन रविवार झाले आलाच नाही. बरोबर कोण?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा 'निघाली' या शब्दापाशी थांबलो. रिकामी निघाली, का तू मुद्दाम रिकामीच उचललीस? तुला पेढा कुठं आहे ते माहीत होतं आणि काहीही झालं तरी तू रिकामीच वाटी उचलणार हे ठरलेलं होतं, हे त्या मित्राला सांगितलं होतंस का? कारण सगळं कोडं तिथंच आहे.

समजा हा खेळ ३० वेळा खेळला. पहिल्या निवडीत पेढा साधारण १० वेळा सापडेल, २० वेळा चुकेल. आता उचलणाऱ्याला माहीत असेल तर त्या वीसही वेळा तो रिकामी वाटी बाजूला करतो आणि पेढा राहतो तिसऱ्या वाटीखाली, म्हणजे बदलणारा २० वेळा जिंकतो आणि न बदलणारा १०. इथं तू बरोबर. पण उचलणाऱ्यालाच माहीत नसेल आणि त्यानं अंदाजानं वाटी उचलली तर त्या वीसातल्या साधारण १० वेळा पेढा त्याच्याच हाताखाली निघणार, तो डाव बाद, आणि 'रिकामी निघाली' असे डाव राहतात १० आणि १०. फिफ्टी-फिफ्टी! तुझ्या मित्रानं तू जे शब्द बोललास त्याचं उत्तर दिलं, आणि त्या शब्दांना ते उत्तर चालतं.

हे भांडण जुनं आहे. १९९० साली अमेरिकेत मेरिलिन व्हॉस सॅव्हंट या बाईंनी त्यांच्या सदरात हेच कोडं सोडवलं, तिथं वाट्यांऐवजी तीन दारं होती, एकामागं गाडी आणि दोन दारांमागं शेळ्या, आणि दार उघडणाऱ्याला आत काय आहे ते माहीत असतं असं प्रश्नातच लिहिलेलं. त्यांनी 'बदला' म्हटलं तर हजारो पत्रं आली, तुम्ही चुकलात म्हणून, त्यात गणिताचे प्राध्यापकसुद्धा होते. एवढी शिकलेली माणसं जिथं अडली तिथं मित्राला कच्चा म्हणायचं काय कारण?

मला कोडी घालणारी माणसं फार आवडतात, पण कोडं घालणाऱ्यावर एक जबाबदारी असते बघ, अट सगळी सांगायची. अट खाल्ली की समोरचा तासभर डोकं खाजवतो आणि शेवटी त्यालाच मूर्ख ठरवलं जातं, हे मला अजिबात पटत नाही. आणि उत्तर माहीत असलेल्यानं गप्प बसावं, फारतर एखादी हिंट द्यावी, खरी मजा त्या अडकलेल्या वेळातच असते.

तर आज त्याला फोन कर, चूक तुझ्या सांगण्यात होती हे सरळ कबूल कर, आणि रविवारी तीन वाट्या आणि पेढा घेऊन जा. आधी माहिती असताना ३० डाव, मग डोळे मिटून ३०, आणि हिशोब त्यालाच लिहू दे.

प्रश्न : मुलगा सातवीत आहे, सुट्टीत गल्लीतली पोरं आमच्याच घरी जमतात. सामान लागणार नाही असं काहीतरी डोक्याला खाद्य सांगा.
— एक आई, शाहूपुरी

उत्तर : ताई, वही-पेन्सिल पुरे. देवळालीच्या शाळेत शिकवणारे आपले द. रा. कापरेकर यांनी शोधलेली गंमत आहे. चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमानं मांडा, मग चढत्या, मोठ्यातून लहान वजा करा आणि येईल त्या उत्तरावर परत तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, पुढं ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. मग कितीही करा, ६१७४ च!

अटी दोन, त्या आधीच सांगा. चारही अंक सारखे नकोत, आणि वजाबाकीत तीनच अंक आले तर पुढं शून्य धरायचं, नाहीतर २१११ घेणारं पोर ९९९ वर येऊन रडकुंडीला येईल. कुठल्या संख्येला सगळ्यात जास्त पायऱ्या लागतात ते मी लिहीत नाही, शोधू दे पोरांना, सुट्टी मोठी आहे.