मशीन बंद करू नकोस

प्रिय मित्रा,

रात्री पावणेदोनचा तुझा मेसेज सकाळी पाहिला. ‘एफएसटॅब.ओल्ड’ ही जुनी प्रत काढायला गेलास आणि ‘एफएसटॅब’ ही चालू फाइलच उडवलीस. ठीक आहे. सर्व्हर अजून चालू आहे ना? मग रीस्टार्टचा विचारसुद्धा करू नकोस. विंडोजवरची ती सवय इथे लिनक्सवर घात करते.

ही फाइल लागते ती मशीन उठताना: कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगायला. एकदा सगळं जोडून झालं की काय कुठे आहे ते कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, स्मरणात असतं. म्हणजे तुझी हरवलेली फाइल अर्ध्याहून जास्त त्या चालत्या मशीनच्याच पोटात आहे. ‘/प्रोक/माउंट्स’ उघड. त्यात प्रोक, सिसएफएस, सीग्रुप अशा कर्नलच्या आभासी ओळींची गर्दी दिसेल. त्या उचलू नकोस. खऱ्या डिस्कांच्या तेवढ्या घे. स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) तिथे दिसत नाही, त्यासाठी ‘/प्रोक/स्वॅप्स’ पाहा. आत्ता न जोडलेल्या डिस्कासुद्धा तिथे नसतील, त्या तुझ्या तुलाच आठवाव्या लागतील. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही डिस्कांची नावं पुढच्या बूटला बदलू शकतात, म्हणून ‘बीएलकेआयडी’ चालवून प्रत्येकीचा यूयूआयडी, म्हणजे तिचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढ आणि तोच लिही.

आणि गंमत बघ, जी काढायची होती ती ‘.ओल्ड’ अजून शाबूत आहे! जुनी असेल, नवी डिस्क तिच्यात नसेल, पण ऑप्शन्स कसे लिहिले होते ते तीच सांगेल. शेजारी उघडून ठेव.

लिहून झालं की ‘फाइंडमाउंट --व्हेरिफाय’, मग ‘माउंट -ए’. दोन्ही तक्रारीविना गेले पाहिजेत. यूयूआयडीत एक अक्षर चुकलं तर सिस्टमडी (मशीन उठताना सगळं सुरू करून देणारा प्रोग्रॅम) बूटच्या वेळी त्या डिस्कची ९० सेकंद वाट पाहतो आणि मग तुला इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे नुसत्या दुरुस्तीपुरत्या पडद्यावर, आणून सोडतो. ज्या डिस्कशिवाय सर्व्हर उठू शकतो, तिच्यापुढे ‘नोफेल’ लिहून टाक, म्हणजे ती सापडली नाही तरी बूट अडणार नाही.

मीही यातून गेलोय. सिस्टमडीच्या आधीच्या काळात मी इनिटटॅब, म्हणजे उठताना काय काय सुरू करायचं ते सांगणारी फाइल, उडवली होती, आणि वर शहाणपणा करून रीबूटही केलं. काळ्या पडद्यावर एकच ओळ: रनलेव्हल टाक, म्हणजे मशीन कोणत्या अवस्थेत उठवायची ते सांग. मी ‘एस’ दाबलं, कारण तेवढ्या एका रनलेव्हलला इनिटटॅब लागत नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, नुसतं नशीब! मग शेजारच्या मशीनवरची फाइल फ्लॉपीवर आणली. हात कापत होते.

तुझ्या हातून रीस्टार्ट झालंच असेल, तर रूट, म्हणजे मुख्य फाइलसिस्टम, बहुधा रीड-ओन्ली उठेल आणि फाइल सेव्ह होणार नाही. घाबरू नकोस, आधी ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ दे.

खरं रीस्टार्ट उद्या दुपारी करू, मी फोनवर असताना. तोवर लाइव्ह लिनक्सचा (थेट पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सचा) एक पेन ड्राइव्ह तयार करून ठेव.

तुझा,
दादा