कापडी डायपर: सुरुवातीला एवढंच बघ

अगं, सारखी दुपटी भिजतायत म्हणून लगेच हाय खाऊ नकोस. गळतं ते बहुतेक वेळा दोनच कारणांनी.

एक तर इन्सर्ट, म्हणजे डायपरच्या आत घालायचे शू शोषणारे कापडी पॅड, नवे असतात. सुती किंवा बांबूचं कापड चार-पाच वेळा धुतल्यावर नीट शोषायला लागतं, त्याआधी शू वरूनच ओघळते. दुसरं, मांडीपाशी फट राहते. इलॅस्टिक जांघेच्या घडीत बसलं पाहिजे, मांडीवर नाही. कडेनं बोट फिरवून बघ. इन्सर्ट जरा जरी बाहेर डोकावत असेल, तर तिथूनच कपडे भिजणार. डायपर काढल्यावर हलका वळ दिसला तर चालतं, लालभडक खूण असेल तर बटण सैल कर.

शीचं म्हणशील, तर बाळ फक्त अंगावरच्या दुधावर आहे तोवर ती धुण्यात सहज निघते. वरचं खाणं सुरू झालं की आधी संडासात झटकायची, मगच मशीन. (हे काम कुणालाच आवडत नाही. वाटून घ्या.)

नव्यांच्या हमखास चुका:
- फॅब्रिक सॉफ्टनर घालणं. कापडावर थर बसतो, शोषणं कमी होतं.
- बादलीत दिवसभर भिजत ठेवणं. वासही वाढतो आणि इलॅस्टिकही सैल पडतं.
- एकाच प्रकारचे डझनभर घेणं. आधी दोन-तीन वापरून बघ.

दर दोन-तीन तासांनी बदल, शी झाली तर लगेच. पिवळे डाग उन्हात फिके पडतात. रात्रीचं गणित वेगळं, ते दिवसाचं जमल्यावर बघू. तोवर रात्री बिनधास्त डिस्पोजेबल लाव.